श्रवणाचे स्थान

नवविधा भक्तीत श्रवण पहिले, हे आपण सारे जाणतो. पण श्रोता कोठे आणि कोणाच्या सन्निध बसतो यावरही श्रवणाची खोली अवलंबून असते, याचा विचार, साधकहो, आपण क्वचितच करतो. हान्स शारून या वास्तुविशारदाने तो बर्लिनमध्ये इतक्या निष्ठेने केला, की १५ ऑक्टोबर १९६३ रोजी बेथोवनच्या नवव्या सिंफनीने खुले झालेले त्याचे फिलहार्मोनी हे संगीतगृह मला श्रवणावरचे भाष्यच वाटत आले आहे.

जुने सभागृह १९४४ च्या बॉम्बवर्षावात नष्ट झाले होते. नवे योजताना शारूनने एक साधी गोष्ट धरून ठेवली: कोठेही संगीत सुरू झाले की माणसे आपोआप त्याच्या भोवती जमतात. म्हणून वाद्यवृंद एका टोकाच्या चौकटीत न ठेवता त्याने तो सभागृहाच्या मध्याकडे आणला, आणि दोन हजारांहून अधिक आसने चहूबाजूंच्या उतारांवर, द्राक्षमळ्याच्या टप्प्यांसारखी, लहानमोठ्या गटांत चढवत नेली. त्यामुळे शेवटचा श्रोताही वादकांपासून फार दूर पडत नाही. श्रवणाला सामीप्य लागते, ते असे.

पण नुसत्या सामीप्याने श्रवण पुरे होत नाही. त्या टप्प्यांचे कठडे केवळ आसने विभागत नाहीत. स्वर त्यांच्यावर आदळून जवळच्या श्रोत्यांकडे बाजूने परततो, म्हणजे एवढ्या समुदायाचे गट पाडणाऱ्या भिंतीच श्रवणाच्या वाहक होतात. (हे काम चालू असतानाच, १९६१ साली, तेथून जवळच बर्लिन दुभंगणारी भिंत उभी राहिली, हे आठवले की मन थबकते.) तंबूसारखे छत स्वर पसरवून खाली धाडते, आणि त्यावरचे पिरॅमिडच्या आकाराचे घटक खर्जातला अतिरिक्त निनाद शोषून घेतात, ध्वनितज्ज्ञ लोथार क्रेमर यांच्या साहाय्याने साधलेला हा संयम मला फार मोलाचा वाटतो, कारण सोडून देणे हाही श्रवणाचाच भाग आहे.

आणखी एक पदर आहे. येथे श्रोत्याला समोर दुसरे श्रोते दिसतात, तल्लीन झालेले, आणि त्यांच्या तल्लीनतेने आपलेही चित्त स्थिरावते. वाद्यवृंदाच्या मागे बसणाऱ्याला गायकाची पाठ दिसते, पुढे फेकलेला आवाज त्याच्याकडे क्षीण होऊन येतो, ही उणीव खरीच. पण संगीतसंचालकाचा चेहरा, जो समोरच्यांना दिसत नाही, तो त्याला लाभतो, आणि पुढचा स्वर उमटण्याआधीच तेथे वाचता येतो.