चिरलेला मणी

सज्जनहो, छंद हा शब्द आपणा वारकऱ्यांना नवा नाही. विठ्ठलाचा छंद लागावा म्हणून तर आपण टाळ हाती घेतो. पण हाताने एखादी वस्तू घडविण्याच्या छंदाने माणूस आतून सुधारतो काय, असे कोपरगावी एकादशीच्या भजनानंतर एका तरुणाने आम्हास विचारले. आम्ही चटकन ‘हो’ म्हणालो, आणि मनात ओशाळलो.

त्याचे असे झाले. गुरूंनी घातलेली माळ गळ्यात होतीच. पण स्वहस्ते एक तुळशीची माळ करावी अशी हौस आली. अंगणातल्या वठलेल्या तुळशीची खोडे काढली, करवतीने तुकडे केले, बारीक गिरमिटाने भोके पाडली. लाकूड पुरते वाळू द्यावयास हवे होते. पण धीर धरवतो कोणाला! ओलसर मणी वाळताना आकसले, कित्येक चिरले. धड मणी भरले 107. मग 108 वा चिरलेलाच घेतला, आणि सदऱ्याच्या गळपट्टीत दडेल असा ओवला. लोक माळ वाखाणीत, आम्ही ‘माउलीची कृपा’ म्हणून हात जोडीत असू. हरिपाठ म्हणताना मात्र हात मानेकडे जाई, बोट त्याच मण्यावर अडखळे. नाम ओठात अन् चित्त चिरेत!

कोणी म्हणेल, पंढरीत काशीकापडी मंडळी पिढ्यान् पिढ्या सुरेख माळा करतात, एक घ्यायची होती. खरे आहे. त्यांच्या मण्यापुढे आमचा मणी म्हणजे खडा. पण विकतच्या माळेने आमची घाई आणि लबाडी आमच्या पदरात घातली नसती.

आमच्या गावाहून मनमाडच्या वाटेने निघाले की येवले लागते. तेथे एका पैठणीच्या मागाशी आम्ही घटकाभर बसलो होतो. हातमागाच्या अस्सल पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग आपापल्या जागीच गुंतवून माघारी फिरवितात, म्हणून तिची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. यंत्रावरच्या नकलेला मागे धागे लोंबतात. एका लुगड्याला महिना सहज लागतो, भरगच्च पदराचे असेल तर वर्षही जाते. आमच्यादेखत विणकराने बोटभर वीण उकलली. आम्ही म्हटले, “अहो, गिऱ्हाइकाला दिसलीसुद्धा नसती.” तो म्हणाला, “बुवा, मला दिसली ना.” आमचा हात गळपट्टीकडे गेला.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटली आणि नामदेवरायांना कच्चे ठरविले. नामदेव रुसले, तेथे आपण हसतो. पण ज्ञानदेवांसारखे बसले असता हे काम कुंभाराकडेच का यावे? जन्मभर मडके वाजवून पाहिलेला हात तो. कच्चे-पक्के त्याला रंगावरून नव्हे, नादावरून कळे. हा नाद पोथीतून शिकता येत नाही, असे आमचे मत आहे. आणि नामदेवरायांचे थोरपण असे की, रुसले तरी पुढे औंढ्याला विसोबा खेचरांच्या पायाशी जाऊन बसले. आम्ही तर मणी दडविला होता.

हे सारे त्या तरुणाला सांगून टाकले. तो भला, हसला नाही. त्याच रात्री ती माळ उतरवून दोरा सोडला. चिरलेला मणी देव्हाऱ्यात वेगळा ठेवला आहे. नवी खोडे ओसरीवर टांगली आहेत. आषाढीपर्यंत काही ती वाळत नाहीत, असे दिसते.