तोलताना काय तोलावे?

नागपूरच्या महालातील कित्येक जुन्या वाड्यांतली मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, आणि मागे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांपुढे आता प्रश्न उभा राहतो: आपणही जावे काय? चर्चा बहुधा औषधोपचार, हवामान आणि नागरिकत्व यांभोवती फिरते. या विचाराला काही जण स्वार्थ म्हणून हिणवतात. ते मला पटत नाही. प्लेटोच्या 'क्रीटो' या संवादात अथेन्सचे कायदेच सॉक्रेटिसाला सांगतात की, ज्याला आम्ही रुचत नसू त्याने आपली चीजवस्तू घेऊन खुशाल निघून जावे. जाण्यात दोष नाही. आपण नेमके काय तोलतो, हा खरा प्रश्न आहे.

हवामानाचे पाहू. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर चढला होता. कूलर आणि वाळ्याच्या ताट्या अशा उन्हाळ्यापुढे किती टिकणार? म्हणून थंड मुलूख बरा, असे आपण म्हणतो. पण २९ जून २०२१ रोजी कॅनडातील लिटन या लहानशा गावात ४९.६ अंशांची नोंद झाली, आणि त्या उष्म्याने ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ माणसे दगावली. बहुतेक वृद्ध होती, बहुतेक घरातच गेली आणि निम्म्याहून अधिक एकटी राहत होती. या शेवटच्या तपशिलापाशी मला थांबावेसे वाटते. भर दुपारी दार ठोठावून 'काकू, पाणी प्यायलात का?' असे विचारणारे कोणी आहे की नाही, हे तापमापकात उतरत नाही. महालातही शेजारचा वाडा पडून तेथे संकुल उभे राहिले की ते दार ठोठावणे थांबते, हेही सांगायला हवे.

औषधोपचाराचा हिशेब अधिक रोकडा आहे. कॅनडाची सार्वजनिक आरोग्यसेवा मुलाची. 'सुपर व्हिसा'वर गेलेल्या आईवडिलांची नव्हे. त्यांना किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा खासगी विमा दाखवावा लागतो. मेयो आणि मेडिकलच्या रांगा लांब खऱ्या, परंतु त्या रांगेत आपण हक्काने उभे असतो.

आणि हक्क म्हटला की नागरिकत्व आलेच. संत पौलाने फटक्यांपासून बचाव करण्यासाठी आपले रोमन नागरिकत्व पुढे केले, तेव्हा सरदार म्हणाला की, आपण ते मोठी रक्कम देऊन मिळवले आहे; पौल जन्मानेच रोमन होता. ढाल म्हणून दोघांचेही सारखेच. परंतु नागरिकत्व ही नुसती ढाल नाही. आपल्या १९५५ च्या कायद्यानुसार परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारताचे संपते. ओसीआय कार्डावर येता येते, राहता येते. मत देता येत नाही. मेयोत खाटा किती असाव्यात, महालात झाडे राखावीत की सिमेंट ओतावे, यावरचा आपला शब्द जातो. तो गमावूनही नातवंडांजवळ राहणे एखाद्या आजीला मोलाचे वाटले, तर मी तिला दोष देणार नाही.

भारतीय पासपोर्ट राखून परदेशी राहणाऱ्याला २०११ पासून मतदार म्हणून नाव नोंदवता येते. मतदानाच्या दिवशी मात्र त्याला स्वतः आपल्या केंद्रावर यावे लागते. तिकिटाचा तो खर्च घरच्या हिशेबात कोणी धरलेला मी अद्याप पाहिलेला नाही.