विटाळ कोणाचा?
अकोले तालुक्यातील राजूरसारख्या गावी ज्या घरात भाद्रपदातील ऋषिपंचमी रजोदोषाच्या परिहारार्थ पाळली जाते, तेथील मातेने प्रथमच ऋतुमती झालेल्या कन्येस काय सांगावे? विटाळातूनच देहाची उत्पत्ती, तर विटाळावाचून देह कोणाचा, ही 14व्या शतकातील संत सोयराबाईंची हरकत माझ्या मते अद्याप कोणाही शास्त्र्याने खोडलेली नाही. तेव्हा देव्हाऱ्यापासून दूर बसण्याचा हुकूम फर्माविण्याऐवजी मातेने (आणि पित्यानेही, संकोच गिळून) सांगावे की, आरंभीची दोन-तीन वर्षे पाळी 21 ते 45 दिवसांच्या अंतराने येणे स्वाभाविक आहे, घडी दर 4 ते 6 तासांनी बदलावी, कापडाची असल्यास स्वच्छ धुऊन उघड्या उन्हात वाळवावी, आणि स्राव 7 दिवसांहून अधिक लांबल्यास सरकारी दवाखाना गाठावा.