ऐकणाऱ्याचा आवाज

काकड आरतीच्या आधी देवळातला ॲम्प्लिफायर लावतात. माइकपाशी अजून कुणी आलेलं नसतं. आवाजाचं बटण वर नेलं की स्पीकरमधून दोन आवाज येतात. एक घुमणारा, अर्थिंग नीट केलं की तो जातो. दुसरा बारीक, संथ पावसासारखा. तो काही केल्या पुरता जात नाही.

तो बिघाड नव्हे. आतल्या प्रत्येक रेझिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन असतात, आणि ऊब आहे तोवर ते स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्या चुळबुळीने दोन टोकांमधला विद्युतदाब सतत किंचित वरखाली होत राहतो, आणि तेच मोठं होऊन स्पीकरमधून ऐकू येतं. दहा हजार ओहमचा रेझिस्टर नुसता टेबलावर पडला असला, तरी कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात हा दाब सुमारे 2 मायक्रोव्होल्ट भरतो. व्होल्टचा पाच लाखावा भाग.

1928 साली बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी या आवाजाची मोजमापं प्रसिद्ध केली आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्यामागचं गणित मांडलं. जॉन्सन यांनी कार्बन तपासला, धातूची तार तपासली, मिठाचं पाणीही तपासलं. रोध तेवढाच, तापमान तेवढंच, तर आवाजही तेवढाच. पदार्थ कोणता, याने फरक पडला नाही.

म्हणजे ऐकणारं यंत्र कधीच कोरं नसतं. बाहेरून येईल त्यात ते आपली ऊब मिसळतं.

1964 मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेलला आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन एका मोठ्या अँटेनाने आकाशाचा आवाज मोजत होते. तुलनेला त्यांनी द्रव हेलियमने थंड केलेला, तापमान ठाऊक असलेला एक स्रोत ठेवला होता. ॲम्प्लिफायरचा आवाज किती, हवेचा किती, अँटेनाच्या धातूचा किती, हे त्यांनी एकेक करून वजा केलं. आत घरटं केलेल्या कबुतरांची घाणही काढली. तरी साडेतीन केल्विन तापमानाएवढा आवाज उरला. सगळ्या दिशांना सारखाच. तो विश्वाच्या बालपणातून आलेला होता.

पुढे त्याचा नकाशा झाला. शास्त्रज्ञांनी तो गोलावर बसणाऱ्या लहानमोठ्या लहरींत उलगडला. 1992 मध्ये कोबे उपग्रहाच्या नोंदींतून लाखात एक भागाएवढे चढउतार दिसले. दीर्घिकांची बीजं त्या चढउतारांत होती.

होल्मडेलचं यंत्र निःशब्द नव्हतं. त्याचा स्वतःचा आवाज किती, हे मात्र त्या दोघांनी नेमकं मोजलं होतं. म्हणून उरलेला आवाज यंत्राचा नाही, हे त्यांना ओळखता आलं.

ऊब आहे तोवर कुणीच पुरतं शांत होत नाही. ऐकण्यासाठी तेवढं शांत व्हावंही लागत नाही. आपला आवाज आपल्याला ठाऊक असावा लागतो.