न सापडलेले विभाजक

दोनाचा सदुसष्टावा घात घेऊन त्यातून एक वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या येते. मिनिम संघाचे फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ साली ती मूळ संख्या, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग न जाणारी, असल्याचे लिहिले. १८७६ साली एदुआर ल्युका यांनी ते खोडून काढले, आणि तेही विभाजक न शोधता! मूळ संख्येने ज्या कसोटीस उतरावयास हवे, तिला ही उतरली नाही. विभाजक आहेत हे निश्चित; कोणते, ते अज्ञात. अखेर १९०३ साली न्यूयॉर्क येथे फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. (फळ्यावर गुणाकार करताना ते चकार शब्द बोलले नाहीत, असे सांगतात.)

मग तोवर हे विभाजक होते कोठे? देवाच्या मनात, असे आपण चटकन म्हणून मोकळे होऊ. परंतु श्रद्धा नसणाऱ्यालाही या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. कोल यांनी ते निर्माण केले म्हणावे, तर १६४४ साली मेर्सेन यांचे विधान खरे होते असे मानणे भाग पडेल. ते खरे नव्हते. ते खोडून काढणारा जगात कोणी नव्हता, तेव्हाही नव्हते.