देणगी: वास्तूसाठी आणि माणसासाठी

राजाबाई टॉवरमुळे प्रेमचंद रायचंद यांचे नाव मुंबईत टिकून आहे. कापसाच्या व्यापारातला पैसा, आईचे नाव आणि १८७८ मध्ये पुरा झालेला तो मनोरा. याच माणसाने १८६०च्या दशकात कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले, हे आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. त्या पैशातून तिथे मनोरा उभा राहिला नाही. मुद्दल राखून व्याजातून हुशार पदवीधरांना शिष्यवृत्ती द्यायची, एवढीच व्यवस्था झाली. मला ही देणगी अधिक मोठी वाटते.

१८८६ साली ती शिष्यवृत्ती आशुतोष मुखर्जी या तरुण गणितज्ञाला मिळाली. पुढे ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १९०६ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू. तोवर आपली विद्यापीठे प्रामुख्याने परीक्षा घेत आणि पदव्या देत. शिकवणे कॉलेजांकडे होते आणि संशोधनाची जबाबदारी जवळपास कोणाचीच नव्हती. आशुतोषांना विद्यापीठातच विज्ञानाचे उच्च शिक्षण आणि संशोधन हवे होते. त्यासाठी पैसा पुढे केला तो दोन वकिलांनी. १९१२ मध्ये तारकनाथ पालितांनी जमीन आणि लाखो रुपये दिले, पाठोपाठ रासबिहारी घोष यांनी दहा लाख. १९१४ मध्ये सायन्स कॉलेजची पायाभरणी झाली.

दोघांनी नुसती वास्तू दिली नाही, अध्यासने दिली, म्हणजे प्राध्यापकाच्या पगाराची कायमची सोय केली. अट अशी की त्या जागांवर भारतीयच नेमायचे. सरकारी शिक्षणखात्यातल्या वरच्या जागा युरोपियनांच्या हाती असताना ही अट म्हणजे एक ठाम राजकीय भूमिका होती. पालितांच्या अटींत परदेशी प्रशिक्षणही होते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यासाठी परदेशी जायला नकार दिला, तेव्हा आशुतोषांनी त्यातून वाट काढली. अर्थखात्यातली जास्त पगाराची नोकरी सोडून रामन १९१७ मध्ये पालित प्राध्यापक झाले. त्यांची प्रयोगशाळा मात्र महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून उभ्या केलेल्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत होती. १९२८ चा रामन परिणाम असा दोन देणग्यांवर उभा आहे: पगार एकीचा, खोली दुसरीची.

पण याच कॉलेजातल्या मेघनाद साहांची गोष्ट वेगळी. ताऱ्यांच्या वर्णपटांचा उलगडा करणारा आयनीभवनाचा सिद्धांत त्यांनी १९२० मध्ये मांडला आणि तो पडताळायला लागणारी साधने कलकत्त्यात नव्हती. त्यासाठी त्यांना बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ नेर्न्स्ट यांची प्रयोगशाळा गाठावी लागली. जागा होती, बुद्धी होती. रोजच्या प्रयोगांसाठी पैसा नव्हता. ही उणीव अजून भरून निघालेली नाही. प्रयोगशाळा सहाय्यकाचा पगार, रसायने, यंत्राची वार्षिक देखभाल, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षात संपलेली फेलोशिप, यांवर कोनशिला बसत नाही. म्हणून यांना देणगीदार मिळत नाही. २०१९ पासून कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा निधी सरकारी विद्यापीठांतल्या संशोधनाला देता येतो. त्यातले पैसे आधी या खर्चांकडे वळावेत, असे मला मनापासून वाटते. उद्घाटनाचा फोटो मिळणार नाही, पण एखाद्या विद्यार्थिनीचा अर्ध्यावर थांबलेला प्रयोग पुरा होईल.

माणसासाठी दिलेल्या देणगीचे फळ आपल्या महाराष्ट्रातही दिसते. घोषांच्या देणगीतून वनस्पतिशास्त्राचेही एक अध्यासन निघाले. त्यावर नेमणूक झाली मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांची. अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि पहिल्या महायुद्धात तिथेच अडकले. १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवली आणि मगच परतले. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स उभारण्यात पुढाकार घेतला, ते साल १९४६. महेंद्रलाल सरकारांच्या कलकत्त्यातल्या संस्थेच्या नावाचा नमुना इथे उघड दिसतो. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते आणि तिथे तयार झालेल्या गव्हाच्या व सोयाबीनच्या वाणांच्या नावांत ‘एमएसीएस’ ही अक्षरे आहेत.