धन्याच्या दिव्याच्या उजेडात

गेल्या वर्षी आगोटीच्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सायंकाळच्या मिस्सानंतर आम्हांस भेटावयास आला. वय तिशीच्या आतबाहेर, पदरी एक लहान मूल. अंधेरीच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत तो खरेदी खात्यात आहे. राजेळी केळ्यांच्या सुकेळीचा धंदा काढावा, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याची आजी वाडीत मांडव घालून सुकेळी वाळवीत असे. आता सूर्याच्या उष्णतेवर चालणारे बंदिस्त वाळवणयंत्र बसवता येईल का, मुंबईत मालाला काय दर येईल, याचा तो वर्षभर शोध घेत होता. पण त्याचा प्रश्न धंद्याविषयी नव्हता. ‘फादर, पगार मी एकाचा घेतो आणि डोके दुसरीकडे चालवतो. ही चोरी झाली का?’

(हे पापनिवेदनातील बोलणे नव्हे. पडवीत चहा घेताना झालेले आहे आणि त्याच्या संमतीनेच येथे मांडीत आहोत.)

आम्ही प्रथम त्याला धीर दिला. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला लूकच्या शुभवर्तमानात प्रभूनेच दिलेला आहे. बायकोमुलांना वाऱ्यावर सोडून नोकरीवर लाथ मारणे हे काही धैर्य नव्हे. आणि आपल्या वसईकरांना दोन कामांचे कसले नवल! पहाटे वाडीला पाणी लावून मुंबईची गाडी पकडणारे बाप आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. संत पौलानेही करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवले व त्याच काळात सुवार्ता सांगितली. तेराव्या लिओ यांनी १८९१ साली काढलेल्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या बचतीचा विचार आहे. पोटाला चिमटा घेऊन साठवलेले वेतन कोठे गुंतवावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा आहे.

एवढ्यावर तो समाधानाने उठला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. पण तो घुटमळला आणि हळूहळू सारे बाहेर आले. कचेरीच्या फोनवरून तो यंत्रवाल्यांशी बोलत असे. छपाईही तेथेच करी. आणि कंपनीला माल पुरविणाऱ्यांची दरांसह संपूर्ण यादी त्याने स्वतःकडे उतरवून ठेवली होती. कंपनी सुकेळी विकत नाही, पण सुका मेवा विकते. ‘ते मला रात्री आठपर्यंत बसवतात, जादा पैसा देत नाहीत. मग अर्धा तास मी वसूल केला, तर काय बिघडले?’

हा युक्तिवाद फार जुना आहे. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना ‘गुप्त भरपाई’ या नावाने तो आमच्यासमोर आला होता. आपले वेतन कमी आहे असे ठरवून नोकराने धन्याच्या घरातून परस्पर उचल करावी, हे मत पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ सालीच त्याज्य ठरविले. म्हणजे धन्याचा अन्याय क्षम्य आहे असे नव्हे. जादा कामाचा मोबदला न देणे हाही अपराधच. परंतु स्वतःच्या दाव्यात स्वतःच न्यायाधीश होऊन बसले की फेड नेमकी कोठे पूर्ण झाली, हे कधीच कळत नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात निकृष्ट केलेले काम आणि संस्थेच्या मालमत्तेचा खासगी वापर, या दोहोंना एकाच ओळीत बसविले आहे. (आम्हांलाही येथे थोडे चपापावयास हवे. हा लेख आम्ही धर्मग्रामाच्या कचेरीत, धर्मग्रामाच्या विजेच्या दिव्याखाली लिहीत आहोत.)

तरुण बुद्धिमान. त्याने लगेच अन्यायी कारभाऱ्याचा दाखला पुढे केला. नोकरी जाणार असे कळताच त्याने धन्याच्या ऋणकोंची खाती फिरविली, शंभराचे पन्नास केले, तरी धन्याने त्याची वाखाणणी केली ना? केली; पण ती पुढचे पाहणाऱ्या हुशारीची, लबाडीची नव्हे. दाखल्यातही तो ‘अन्यायी’च राहतो.

यादी परत करता येते, पुसून टाकता येते. डोक्यात बसलेल्या दरांचे काय करावे? येथे आम्हीही अडखळलो. केळे हातात घेऊन पारखण्याची नजर, घासाघीस करण्याची रीत, हे त्याने नोकरीत कमावले. ते त्याच्यापासून कोणी काढून घेऊ शकत नाही. कायदाही काहीसा असाच फरक करतो. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम माणसाला धंद्यापासून रोखणारे करार सामान्यतः निरर्थक ठरविते. पण नोकरी चालू असतानाचे बंधन वेगळे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कल्याणच्या एका कारखान्यातील कर्मचाऱ्याच्या खटल्यात मानले, आणि गुपितांना संरक्षण दिले. आमचे मत असे की पगार चालू आहे तोवर आठवणीतील दरही धन्याच्या विरुद्ध वापरू नयेत. हे मत काटेकोर आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

साहेबांना सांगावे का? मनातल्या प्रत्येक बेताची वर्दी देण्यास कोणी बांधलेला नाही. सरकारी सेवकाची गोष्ट निराळी. १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या नोकराला व्यापारासाठी पूर्वपरवानगी लागते. खासगी नोकराने आपले नेमणूकपत्र तरी उघडून वाचावे. आणि सरळ विचारले, तर खोटे बोलू नये, मग परिणाम काहीही होवो. तो स्वस्त नसतो. २०२२ साली एका मोठ्या संगणक कंपनीने प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करतात म्हणून ३०० जणांना घरी पाठविले होते.

काही आठवड्यांनी त्याची पत्नी भेटली. आम्ही समजलो, ती आभार मानील. ती म्हणाली, ‘फादर, कंपनीच्या वेळेचा तुम्ही एवढा विचार केलात. तो रात्री आठला कचेरीतून निघतो, घरी येऊन अकरापर्यंत हिशेब मांडतो, रविवारी मिस्सा झाली की केळीवाल्यांकडे. बाळ त्याला जागेपणी पाहतच नाही. हा वेळ कोणाचा?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोन धन्यांचा तोल साधताना तिसरे देणे आम्ही वहीत मांडलेच नव्हते.

यादी त्याने पुसली. हक्काची रजा काढून तो आगाशीकडच्या बागाईतदारांकडे स्वतः हिंडला. मिळालेले दर यादीतल्यापेक्षा चढे निघाले. रविवारची दुपार आता घरची, असे पत्नीने ठरवून दिले आहे आणि त्यामुळे यंत्राचे काम मागे पडले आहे. नोकरी अजून चालूच आहे. या उन्हाळ्यात त्याने आजीच्याच पद्धतीने मांडवावर थोडी सुकेळी घातली. त्यांतली डझनभर आमच्याकडे पाठवली. काही काळी पडली होती, पण गोड होती.